पहिल्या नाईट ड्युटीला तुझ्या शेजारी कोण असेल?

*आदरणीय सिस्टर, मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. यंदा जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, फर्स्ट क्लासमध्ये पास झाले. नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीचा अर्ज केला आहे, नंबर अजून आलेला नाही. दोन महिने पुण्यात मैत्रिणीच्या खोलीवर राहून पाच हॉस्पिटलांत मुलाखती दिल्या. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, अनुभव किती? फ्रेशर म्हटलं की फाईल बाजूला. एका ठिकाणी मेट्रन मॅडमनी, म्हणजे मुख्य सिस्टरनी, सलाईनचे मिनिटाला किती थेंब सोडायचे ते काढायला सांगितलं. येत असूनही सुचलं नाही. बाहेर येऊन खूप रडले. आता तालुक्याच्या गावी पंधरा खाटांच्या हॉस्पिटलात ९,००० रुपयांवर बोलावलं आहे. रात्री आठ ते सकाळी आठ. रात्री मी एकटी आणि एक मावशी, डॉक्टर वरच्या मजल्यावर राहतात. मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडे ठेवावी लागतील. ओळखीतले एक जण म्हणतात, पाच हजारांत वर्षभराच्या अनुभवाचं सर्टिफिकेट मिळवून देतो. भाऊ म्हणतो, नोकरी राहू दे, घरी बसून सरकारी परीक्षेचा अभ्यास कर. माझ्या फीसाठी वडिलांनी दोन म्हशी विकल्या आहेत, त्यामुळे घरी बसवत नाही. एक तारखेपर्यंत त्या हॉस्पिटलला कळवायचं आहे. काय करू?*

प्रिय मुली,

तुला एक तारखेच्या आत उत्तर हवं आहे, म्हणून ते आधी देते, कारणं नंतर सांगते. ते पाच हजारांचं सर्टिफिकेट घेऊ नकोस. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही कपाटात ठेवू नकोस. आणि ती रात्रीची नोकरी, आज ज्या अटींवर समोर आली आहे त्या अटींवर, स्वीकारू नकोस. घरीही बसू नकोस. तुझ्यासाठी जागा आहेत. तू शोधते आहेस त्या दारांच्या जरा बाजूला आहेत, एवढंच.

माझ्या पहिल्या नोकरीतली एक रात्र सांगते. १९८७ साल. जिल्ह्याच्या गावचं दीडशे खाटांचं हॉस्पिटल, मेडिकल वॉर्ड. जॉईन होऊन तीन आठवडे झाले होते. जुलाब-उलट्यांनी गळून गेलेल्या एका बाईचं पोटॅशियम कमी आलं होतं आणि डॉक्टरांनी केसपेपरवर केसीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन, लिहून ठेवलं होतं. मी अँप्यूल फोडली, दहा मिली सिरिंजमध्ये ओढलं आणि पेशंटकडे निघाले. चालू सलाईनच्या नळीतल्या रबरातून द्यायचं, एवढंच डोक्यात होतं. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं की पोटॅशियम कधी थेट शिरेत देत नाहीत. पण रात्री अडीच वाजता, बावीस पेशंटांमध्ये, ते वाक्य आठवलं नाही. आमच्या सीनियर सिस्टर समोरच्या खाटेवर बी.पी. बघत होत्या. त्यांना ट्रेमधली रिकामी अँप्यूल दिसली. त्या उठल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. ओरडल्या नाहीत. मला ट्रीटमेंट टेबलाशी परत नेलं, सिरिंज ठेवायला लावली आणि नव्या बाटलीत केसीएल कसं घालायचं, बाटली उलटी-सुलटी करून कसं मिसळायचं, लेबल कसं लावायचं, किती वेगानं सोडायचं, ते सगळं माझ्याच हातून करून घेतलं. ती बाई चौथ्या दिवशी चालत घरी गेली.

थेट शिरेत दिलेलं केसीएल हृदय थांबवतं, हे तुला माहीत आहे. मलाही माहीत होतं. माहीत असणं आणि रात्री अडीचला हाताला आठवणं यांच्यामध्ये जे अंतर असतं, त्यालाच अनुभव म्हणतात. त्या पाच हॉस्पिटलांनी तुला विचारलेला प्रश्न खरं तर हाच होता, जरी तो त्यांनी वर्षांच्या हिशेबात विचारला. आणि हे अंतर कुणीही एकटीनं पार करत नाही. कुणीतरी मनगट धरणारं शेजारी असावं लागतं.

म्हणून पहिली नोकरी निवडताना मी पगार दुसरा ठेवते आणि इमारत तिसरी. पहिला प्रश्न हा, की सुरुवातीचे दोन-तीन महिने माझ्या ड्युटीत माझ्यापेक्षा जुनी सिस्टर असेल का? तुझ्या तालुक्याच्या हॉस्पिटलात ती नाही. वर झोपलेले डॉक्टर चांगले असतीलही, पण बाळंतिणीचं रक्त थांबत नसेल तेव्हा त्यांना उठवायचं की नाही, हे आधी तुला ओळखावं लागेल. पासआऊट होऊन तीन महिने झालेल्या मुलीवर ते ओझं टाकणं चूक आहे. तुझी तयारी कमी आहे म्हणून मी हे म्हणत नाही. इतक्या नव्या कुणालाही मी रात्री एकटीला वॉर्ड दिला नसता, आणि इन-चार्ज होते त्या काळात कधी दिलाही नाही.

या जागेबद्दल आणखी एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल, आणि ती पुढच्या दहा वर्षांवर परिणाम करणारी आहे. एम्सची नर्सिंग ऑफिसरची परीक्षा, जिला सगळ्या मुली नॉरसेट म्हणतात, तिला बी.एस्सी. झालेल्या मुली अनुभवाशिवाय बसू शकतात. जीएनएमवाल्यांना मात्र दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि तो कमीत कमी पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला लागतो. २०२४ मध्ये कामगार राज्य विमा महामंडळाच्या, म्हणजे ईएसआयसीच्या, नर्सिंग ऑफिसरच्या जागा यूपीएससीनं भरल्या, तिथेही जीएनएमसाठी अट होती एक वर्षाची, आणि पुन्हा पन्नास खाटांचीच. म्हणजे पंधरा खाटांच्या त्या हॉस्पिटलात तू दोन वर्षं रात्री जागलीस, तरी त्या अर्जात तो अनुभव शून्य धरला जाईल. मी अशा मुली पाहिल्या आहेत. चार-चार वर्षं मन लावून काम केलेल्या, हात अतिशय चांगला, आणि अर्ज भरताना त्यांना खाटांचा आकडा कळलेला. म्हणून मुलाखतीला गेलीस की तुमच्याकडे किती खाटा आहेत हे सरळ विचार, आणि अनुभवाच्या प्रमाणपत्रावर तो आकडा लिहून देतात का, तेही विचार.

आता जागा कुठे आहेत ते. तू पुण्यातल्या मोठ्या नावांच्या कॉर्पोरेट हॉस्पिटलांत गेली असणार असा माझा अंदाज आहे, कारण सगळ्या मुली तिथेच जातात. तिथे आयसीयूच्या जागा जास्त निघतात आणि आयसीयूला त्यांना तयार हात हवा असतो. तू त्याऐवजी मेडिकल कॉलेजला जोडलेली हॉस्पिटलं बघ. कराड, मिरज, सांगली, लोणी, तळेगाव, सोलापूर, आणि लांब जायची तयारी असेल तर वर्ध्याकडे सावंगी आणि सेवाग्राम. तुझ्या लातूरलाही आहे. या हॉस्पिटलांत खाटा शेकड्यांनी असतात, नर्सिंग कॉलेज सहसा त्याच आवारात असतं, त्यामुळे नव्या मुलींना शिकवायची तिथल्या सीनियर सिस्टरांना सवय असते. मुलींसाठी होस्टेल आणि मेसही बहुतेक ठिकाणी असते, आणि खोलीभाडं वाचलं की बारा-चौदा हजारांचा पगारसुद्धा पुण्याच्या अठरापेक्षा जास्त उरतो. जाहिरातीची वाट बघू नकोस. बायोडेटा घेऊन सकाळी दहाच्या सुमारास नर्सिंग ऑफिसात जा आणि नर्सिंग सुपरिटेंडेंटना भेटायचं आहे म्हणून सांग. राऊंड संपून त्या टेबलाशी बसायची ही वेळ. पहिल्या खेपेला भेटल्या नाहीत तर बायोडेटा ठेवून ये आणि आठवड्यानं पुन्हा जा. मुली लग्न ठरलं, परदेशी निघाल्या, सरकारीत लागल्या म्हणून मधेच नोकरी सोडतात आणि मग मेट्रनला उद्याच्या उद्या माणूस हवं असतं. तेव्हा टेबलावर जो बायोडेटा असेल त्याला फोन जातो. मी स्वतः कितीतरी मुली अशाच घेतल्या.

एनएबीएच ही हॉस्पिटलांच्या दर्जाची मान्यता असलेलं मध्यम आकाराचं हॉस्पिटल मिळालं तर तेही चांगलं. त्या मान्यतेसाठी नव्या नर्सला रीतसर प्रशिक्षण दिल्याची आणि तिची नोंदणी तपासल्याची कागदपत्रं दाखवावी लागतात. त्या निमित्तानं का होईना, शिकवलं जातं.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी जागांकडेही लक्ष ठेव. जिल्हा परिषदेच्या आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाकडून जाहिराती निघतात, स्टाफ नर्सचं मानधन महिना २०,००० रुपये असतं आणि निवडीत गुणांना वजन असतं. तुझा फर्स्ट क्लास इथे उपयोगी पडेल. जिल्हा रुग्णालयातला नवजात बालकांचा अतिदक्षता कक्ष मिळाला तर डोळे मिटून घे. दीड किलोच्या बाळाला व्हेन लावायला शिकलेल्या मुलीचा हात पुढे आयुष्यात कुठे अडत नाही.

पगाराबद्दल. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधल्या आदेशावरून केंद्र सरकारनं खाजगी हॉस्पिटलांतल्या परिचारिकांच्या पगारासाठी एक समिती नेमली. तिनं शिफारस केली की दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या हॉस्पिटलात पगार त्या राज्याच्या सरकारी परिचारिकेइतका असावा, शंभरच्या वर खाटा असतील तर त्याहून फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभरमध्ये फार तर पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासपेक्षा लहान हॉस्पिटलातसुद्धा २०,००० च्या खाली नसावा. ही शिफारस आहे, तिची अंमलबजावणी राज्यांवर सोडली आणि बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली. उद्या मुलाखतीत हा आकडा पुढे करून तुला २०,००० मिळणार नाहीत. तरी तो लक्षात ठेव. नऊ हजार हा तुझ्या कामाचा भाव आहे असं तुझ्या मनात रुजायला नको. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत आज लागणाऱ्या नव्या अधिपरिचारिकेचं मूळ वेतनच ३५,४०० पासून सुरू होतं आणि भत्ते वेगळे. काम तेच, सलाईन तेच, रात्रही तितकीच लांब. मला या तफावतीचा मनापासून राग येतो आणि नोकरीच्या सगळ्या वर्षांत तो कमी झाला नाही.

आता ते सर्टिफिकेट. तुझ्या ओळखीच्या माणसाला वाटत असेल की तो मदत करतोय, पण त्या कागदावर तुला जी नोकरी मिळेल तिथे तुला एक वर्ष अनुभवी धरून ड्युटी लावतील. म्हणजे शेजारी कुणी नसेल. आयसीयूत व्हेंटिलेटरचा पेशंट तुझ्याकडे सोपवून सीनियर चहाला जाईल, कारण तिच्या मते तुला येतं. विचारायची सोयच उरणार नाही, कारण विचारलंस की खोटं उघडं पडेल. नव्या मुलीचं सगळ्यात मोठं संरक्षण म्हणजे ‘सिस्टर, मी हे आधी केलेलं नाही, एकदा बघता का?’ हे वाक्य. पाच हजार देऊन तू तेच विकशील. शिवाय सरकारी नोकरीत कागदपत्रांची पडताळणी होते आणि खोटा कागद सापडला की निवड तर जातेच, गुन्हाही दाखल होऊ शकतो आणि कौन्सिलच्या नोंदणीवर आच येऊ शकते. दोन म्हशींच्या बदल्यात मिळणारी ती नोंदणी आहे.

आणि मूळ प्रमाणपत्रं. झेरॉक्स द्यायची, मूळ दाखवायची, तपासून झाली की लगेच परत पिशवीत. ‘सगळ्यांचीच ठेवतो’ असं म्हणाले तर नम्रपणे सांग, की मला सरकारी भरतीच्या पडताळणीला कधीही बोलावणं येऊ शकतं, म्हणून देता येणार नाहीत. कागद अडकवल्याशिवाय सिस्टर टिकत नाही असं ज्या हॉस्पिटलाला वाटतं, तिथल्या आधीच्या सिस्टर का गेल्या, हे गावात विचारून बघ.

नोंदणीचा नंबर आला नाही म्हणतेस, तर तो आधी मार्गी लाव. कदाचित निम्म्या ठिकाणी फाईल त्यामुळेच बाजूला गेली असेल. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीशिवाय तू कायद्यानं परिचारिका म्हणून काम करू शकत नाहीस आणि चांगलं हॉस्पिटल त्याशिवाय हातही लावत नाही. ऑनलाइन अर्जाची स्थिती आठवड्यातून दोनदा बघ. बहुतेक अर्ज छोट्या कारणानं अडतात. दहावीच्या सर्टिफिकेटवर, आधारवर आणि गुणपत्रिकेवर नावाचं स्पेलिंग वेगवेगळं असतं, किंवा फोटो नीट अपलोड झालेला नसतो. तोपर्यंत बायोडेटात ‘नोंदणी प्रक्रियेत’ असं लिही आणि अर्जाची पावती जोड.

बायोडेटावरून आठवलं. आजवर माझ्याकडे आलेल्या फ्रेशर मुलींचे बायोडेटा एकमेकींची झेरॉक्स असल्यासारखे असत. छंद वाचन, स्वभाव मनमिळाऊ, अनुभव नाही. मुली, तुला अनुभव नाही हे खरं नाही. तीन वर्षांत तू जिल्हा रुग्णालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, मनोरुग्ण विभागात पोस्टिंग केलंस. शेवटी इंटर्नशिप केलीस. तुझी केसबुकं आणि प्रोसिजरची वही काढ आणि एक सबंध दुपार बसून मोज. कोणत्या वॉर्डात किती आठवडे, तिथे किती खाटा, किती कॅन्युला लावल्या, किती राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), किती कॅथेटर, किती प्रसूती स्वतः केल्या आणि किती नुसत्या पाहिल्या. हे आकडे विभागवार लिही. फक्त एक कर. केसबुकात लिहिलेलं सगळं प्रत्यक्ष हातानं केलेलं असतंच असं नाही, हे तुला आणि मला दोघींनाही ठाऊक आहे. बायोडेटात हातानं केलेलं तेवढंच लिही. ‘कॅन्युला साधारण चाळीस, लहान मुलांना एकही नाही’ असं लिहिणारी मुलगी समोर आली, तर मेट्रनला लगेच कळतं की ही आपल्याला फसवणार नाही. आमच्या कामात याहून जास्त काही लागत नाही, बाकीचं शिकवता येतं.

बीएलएसचा, म्हणजे हृदय बंद पडलेल्याला छाती दाबून आणि श्वास देऊन वाचवायचा, कोर्स केला नसशील तर कर. एका दिवसाचा असतो, तुझ्या खर्चातला हा एकच खर्च मी तुला आत्ता करायला सांगीन. मिनिटाला शंभर ते एकशे वीस दाब, छाती पाच सेंटिमीटर तरी खाली जायला हवी, तीस दाबांना दोन श्वास. हे पाठ असून चालत नाही, पुतळ्यावर दोन मिनिटं दाबून दंड भरून यायला हवेत.

आणि ते थेंब. त्यानं तू रडलीस म्हणून त्यावर जरा थांबते. एकूण मिली गुणिले सेटचे, म्हणजे सलाईनच्या नळीचे, मिलीला पडणारे थेंब, भागिले मिनिटं. १,००० मिली आठ तासांत, सेट मिलीला २० थेंबांचा. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं. २०,००० भागिले ४८०, म्हणजे जवळपास ४२ थेंब मिनिटाला. मायक्रो सेट असेल तर मिलीला ६० थेंब, आणि तिथे हिशेबच नको : तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब. तासाला ५० मिली जायला हवं तर मिनिटाला ५० थेंब. मुलाखतीत गप्प राहून उत्तर शोधू नकोस, मोठ्यानं बोलत गणित कर. ‘मॅडम, सेट किती थेंबांचा आहे?’ हे विचारलंस तरी मी निम्मे गुण देईन, कारण मॅक्रो सेटमध्येही कंपनीनुसार १५ चा असतो, २० चा असतो, आणि ज्या मुलीला पाकिटावर तो आकडा छापलेला असतो हे माहीत आहे, तिनं सेट हातात घेतलेला आहे. इन्सुलिनचंही तसंच. व्हायल मिलीला ४० युनिटची आहे की १०० ची, आणि सिरिंज तिच्या जोडीची आहे का? लाल टोपण चाळीसचं, नारिंगी शंभरचं. याशिवाय जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग, हात धुण्याच्या पाच वेळा, औषध देताना तपासायच्या गोष्टी हमखास विचारतात. रोज सकाळी आरशासमोर एक प्रश्न मोठ्यानं सोडव. मराठीत सोडवलास तरी चालेल. इंग्रजी अडतं म्हणून पाठ केलेलं वाक्य मधेच तुटतं आणि मग पुढचं सगळंच जातं, असं मी खूपदा पाहिलं आहे. सरळ विचार, ‘मॅडम, मराठीत सांगितलं तर चालेल का?’ महाराष्ट्रातला पेशंट वेदना मराठीतच सांगतो.

मेट्रनचे प्रश्न संपले की तुझे विचार. सुरुवातीला मी कुणाच्या हाताखाली असेन आणि किती दिवस? एकटीनं नाईट कधीपासून? नाईटला वॉर्डात किती पेशंट आणि किती सिस्टर? ड्युटी आठ तासांची की बारा? बॉण्ड आहे का, असल्यास लेखी द्याल का? ही विचारपूस उद्धटपणाची वाटेल अशी भीती बाळगू नकोस. मला तर हे विचारणारी मुलगी आवडायची, आणि ज्या मेट्रनला ते आवडणार नाही तिच्या वॉर्डात तू रात्री सुरक्षित नसशील.

भावाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. सरकारी नोकरीचा विचार जरूर कर. राज्याच्या आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण खात्यांच्या अधिपरिचारिका भरतीला अनुभव लागत नाही, रेल्वेच्या नर्सिंग सुपरिटेंडेंटच्या परीक्षेला जीएनएम आणि नोंदणी पुरते, आणि तिथे मूळ वेतन ४४,९०० आहे. पण या भरत्या दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येत नाहीत. घरी बसून जाहिरातीची वाट बघताना वर्ष जातं, दुसरं जातं. मग हात विसरतो, मुलाखतीत ‘दोन वर्षं काय केलंत?’ हा प्रश्न येतो आणि घरात लग्नाचा विषय निघतो. आठ तासांची ड्युटी करून रोज दोन तास अभ्यास होतो, आणि वॉर्डात सकाळी पाहिलेला पेशंट संध्याकाळी पुस्तकात वाचला की तो धडा पुन्हा वाचावा लागत नाही. भावाला म्हणावं, जाहिरातींवर नजर ठेवायचं काम तू घे, अर्ज भरायला मदत कर. त्याची माया अशी कामाला लागेल.

परदेशाचं तू विचारलं नाहीस, पण कुणीतरी विचारेलच. आखाती देशांत बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव मागतात आणि जर्मनीसाठी आधी भाषा शिकावी लागते. आत्ता कुठल्याही एजंटला एक रुपया देऊ नकोस.

एवढं सगळं करूनही महिना-दीड महिना काही जमलं नाही आणि घरात पैशाची अडचण फारच झाली, तर तालुक्याच्या त्या डॉक्टरांकडे जा, पण अट बदलून. त्यांना सांग, की पहिले तीन महिने मला दिवसाची ड्युटी द्या, जुन्या सिस्टरसोबत, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स देईन. सज्जन डॉक्टर असतील तर ऐकतील. त्यांनाही रात्री तीनला घाबरलेल्या मुलीपेक्षा तयार झालेली मुलगी परवडते. नाही म्हणाले, तर तुला तुझं उत्तर मिळालं. आणि तिथे गेलीस तरी मोठ्या हॉस्पिटलांतले बायोडेटा परत मागवू नकोस, ते टेबलांवर राहू दे.

नोकरी कुठेही लागो, पहिली नाईट येईलच. खिशात दोन पेनं, छोटी वही आणि छातीला सेकंदकाट्याचं घड्याळ. अर्धा तास आधी जा आणि ओव्हर, म्हणजे आधीच्या सिस्टरकडून पेशंटांची माहिती, खाटेपाशी उभं राहून घे, टेबलाशी बसून घेऊ नकोस. प्रत्येक पेशंटचा चेहरा बघ, सलाईनची पातळी बघ, ड्रेन आणि लघवीची पिशवी बघ. फोनवर डॉक्टरांनी औषध सांगितलं तर लिही, वाचून दाखव, ‘बरोबर ना सर?’ विचार, आणि सकाळी त्यांची सही घे. केसीएलची अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलसारखीच दिसते, त्या दोन्ही एका ट्रेमध्ये दिसल्या तर त्याच क्षणी वेगळ्या कर. मग इमर्जन्सी ट्रॉली स्वतः उघड. लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का बघ, अँब्यू बॅग दाबून बघ, सक्शन चालू करून नळी पाण्याच्या वाटीत धर, ऑक्सिजनचा काटा कुठे आहे बघ. कुणी म्हणेल, नवीन पोरगी आली आणि सगळं उपसत बसली. म्हणू दे. सगळं जागच्या जागी ठेव आणि मग पहिल्या खाटेपासून सुरुवात कर.

तुझी,
सिस्टर